दिल्ली-काठमांडू, खिडकी डावी की उजवी: एका प्रवासाचं पूर्ण प्रकरण

आईला विमानाच्या खिडकीतून हिमालय बघायचा होता. वय ६८, गुडघे दुखतात, ट्रेकबिक शक्यच नाही. पण तिने ३० वर्षं शाळेत भूगोल शिकवलाय, धौलगिरी, अन्नपूर्णा, मनास्लू ही नावं फळ्यावर किती वेळा लिहिली असतील याचा हिशोब नाही आणि त्यातलं एकही शिखर तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं नव्हतं. म्हणून आम्हा तिघांचं, म्हणजे आई, बाबा आणि मी, काठमांडूला जायचं नक्की झालं तेव्हा मी मनाशी ठरवलं की बाकीचं काही थोडं मागेपुढे झालं तरी चालेल पण जातानाची, विशेषतः उतरतानाची खिडकी चुकता कामा नये. त्यासाठी काय काय बघितलं, काय ठरवलं, ऐनवेळी काय झालं आणि माझा अंदाज कुठे चुकला ते सगळं सविस्तर लिहितेय, कारण "डावीकडे बसा" एवढ्या दोन शब्दांच्या उत्तरावर मीही आधी समाधान मानलं होतं आणि ते उत्तर अर्धंच आहे.

एवढी काळजी का, तर आधी एकदा फसलो होतो. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका रूटवर आईसाठी मुद्दाम खिडकीची सीट घेतली, पैसे भरून घेतली, सीट मॅपवर विंडो असं स्वच्छ दिसत होतं, आणि आत जाऊन बघतो तर तिथे खिडकीच नाही, नुसती भिंत. पुढच्या रांगेला खिडकी, मागच्या रांगेला खिडकी आणि मध्ये आई भिंतीकडे बघत बसलेली. ती काही बोलली नाही, पण मला ते फार लागलं. नंतर कळलं की काही बोईंग ७३७ मध्ये पंखाच्या थोडं पुढे डाव्या बाजूला अशी एखादी रांग असतेच, कारण पोटातल्या एसीची हवा छतापर्यंत नेणारी नळी तिथल्या भिंतीतून वर जाते आणि त्या जागी खिडकी ठेवता येत नाही. हे बुकिंग करताना कुणी सांगत नाही. सीट मॅपवर "विंडो" लिहिलेलं असलं तर त्याचा अर्थ फक्त भिंतीकडेची सीट, खिडकी आहेच असा नाही, हे तेव्हा शिकले.

आता मूळ प्रश्न. दिल्लीहून काठमांडू आठशे-सव्वाआठशे किलोमीटर, पूर्वेला आणि जरा दक्षिणेकडे झुकून. विमान जवळपास सगळा वेळ उत्तर प्रदेशावरून जातं आणि हिमालय त्याच्या उत्तरेला पसरलेला असतो. तोंड पूर्वेला असेल तर उत्तर डाव्या हाताला, म्हणून डावी बाजू, म्हणजे ए सीट. येताना बरोब्बर उलट, उजवी बाजू, एफ. इथपर्यंत कुणालाही नकाशा बघून सांगता येईल आणि ते बरोबरच आहे.

पण मला हवं होतं ते उतरतानाचं. आणि उतरताना विमान पूर्वेला जात नसतं. ही गोष्ट माझ्या डोक्यात खूप उशिरा शिरली. शेवटची काही मिनिटं विमान कुठल्या दिशेला तोंड करून असणार हे शहरं कुठे आहेत त्यावर ठरत नाही, धावपट्टीवर ठरतं. आणि धावपट्टीची दिशा तिच्या नंबरातच लिहिलेली असते, पुढे एक शून्य लावायचं की झालं. काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळाला एकच धावपट्टी आहे, एका टोकाला ०२ आणि दुसऱ्या टोकाला २०. ०२ म्हणजे साधारण २० अंश, म्हणजे उत्तर आणि किंचित पूर्व. २० म्हणजे २०० अंश, बरोब्बर उलट, दक्षिणेकडे. इतर ठिकाणी कुठल्या टोकाने उतरायचं हे बहुतेक वेळा वारा ठरवतो, विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं, आणि त्यामुळे आदल्या दिवशी डावीकडे दिसलेलं दृश्य दुसऱ्या दिवशी उजवीकडे जाऊ शकतं. काठमांडूत मात्र डोंगर ठरवतात. चारही बाजूंनी डोंगर असलेल्या वाटीच्या तळाशी विमानतळ, उंची १,३३८ मीटर, उत्तरेला तर अजूनच उंच डोंगर, त्यामुळे बहुतेक विमानं दक्षिणेकडून येऊन ०२ वर उतरतात आणि निघताना २० वरून परत दक्षिणेकडेच जातात.

म्हणजे उतरताना तोंड उत्तरेला. म्हणजे हिमालय डावीकडेही नाही आणि उजवीकडेही नाही, समोर! आणि समोरचं फक्त पायलटला दिसतं.

हे कळल्यावर मी वही घेऊन बसले. काठमांडूच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर विमान आहे आणि तोंड २० अंशांकडे आहे असं धरलं आणि नकाशावर पट्टी ठेवून कुठलं शिखर कुठे येतं ते बघितलं. लांगटांग जवळजवळ नाकासमोर, गणेश हिमाल नाकाच्या जरासं डावीकडे पण खिडकीत येण्याइतकं बाजूला नाही. मनास्लू डाव्या खिडकीच्या पुढच्या कडेला, अन्नपूर्णा डावीकडे बऱ्यापैकी आडवी. आणि उजव्या खिडकीत काय, तर गौरीशंकर आणि त्याच्याही पुढे एव्हरेस्ट! काठमांडूपासून एव्हरेस्ट साधारण १६० किलोमीटर पूर्वेला आहे, उत्तरेला फारसं नाही. म्हणजे सगळा वेळ डावीकडे बसलेल्या माणसाला जे शिखर सर्वात जास्त बघायचं असतं ते शेवटच्या टप्प्यात उजवीकडे जातं. (आधी विमान पूर्वेकडे जात असताना एव्हरेस्ट डाव्या बाजूलाच असतं, पण इतकं पुढे की मान कितीही वळवली तरी खिडकीच्या चौकटीत येणं अवघड.)

मग आईलाच विचारलं. "आई, तुला नेमकं काय बघायचंय? एव्हरेस्ट की सगळी रांग?" ती म्हणाली, "अगं एव्हरेस्ट काय, फोटोत खूप बघितलंय. मला धौलगिरीनंतरची ती खिंड बघायचीय, काली गंडकीची." माझ्यासाठी निर्णय तिथेच झाला. डावी बाजू. धौलगिरी आणि अन्नपूर्णा दोन्ही आठ हजार मीटरच्या वर, धौलगिरी ८,१६७ आणि अन्नपूर्णा ८,०९१, आणि त्या दोघांच्या मधून काली गंडकी नदी वाहते. तिने शिकवलेला धडा तो. सीट निवडायच्या आधी हा प्रश्न ज्याला बघायचंय त्याला विचारायला हवा. मी तो पंधरा दिवस उशिरा विचारला.

बाजू ठरली, मग रांग. इथे लोक फार कमी विचार करतात आणि माझ्या मते निम्मं काम रांगेवर असतं. ए३२० सारख्या विमानात पंख साधारण १० ते २० या रांगांच्या आसपास येतो, कंपनीने सीट कशा बसवल्यात त्यावर थोडं इकडेतिकडे. पंखावर बसलं तर क्षितिज दिसतं पण खालचं काही दिसत नाही, आणि उतरताना फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या पट्ट्या, बाहेर येतात तेव्हा पंख अजूनच रुंद होतो, म्हणजे नेमकं जे बघायचं तेव्हाच झाकलं जातं. पंखाच्या मागे बसलं तर खालचं दिसतं पण इंजिनातून निघणारी गरम हवा मध्ये येते आणि त्यातून बघितलेलं सगळं थरथरतं, तापलेल्या डांबरी रस्त्यावर थरथरतं तसं. नुसत्या डोळ्यांना चालतं, फोटोत डोंगराची कडा पुसल्यासारखी येते. पुढे बसलं तर इंजिन मागे राहतं, हवा स्वच्छ. आणि गुडघ्यांच्या दृष्टीनेही पुढचं बरं, चालावं कमी लागतं. इमर्जन्सी एक्झिटची रांग मोकळी असते म्हणून काही जण सुचवतात पण गुडघेदुखीच्या माणसाला तिथे बसवत नाहीत, आणि ती पंखावरच असते. सगळं बघून ६ए आणि ६बी घेतल्या, बाबांना ७ए.

दिवस आणि वेळ यावर फार डोकं चालवावं लागलं नाही. जून ते सप्टेंबर पावसाळा, ढग. मार्च ते मे हवेत धूर आणि धूळ. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीतही धुकं आणि काठमांडूतही सकाळी धुकं, विमानं रखडतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वात स्वच्छ. आम्ही नोव्हेंबर घेतला आणि सकाळचं विमान, कारण दिवस चढतो तसे शिखरांवर ढग जमायला लागतात. शिवाय नोव्हेंबरात सूर्य दिवसभर दक्षिणेकडून जातो, म्हणजे उत्तरेकडे बघणाऱ्या डाव्या खिडकीत ऊन येतच नाही, डोळे दिपत नाहीत, आणि तेच ऊन बर्फाच्या दक्षिणेकडच्या उतारावर समोरून पडतं. उजवीकडच्या माणसाला सगळा वेळ सूर्य तोंडावर.

अजून एक गोष्ट केली, ती कुणीही करू शकतो. फ्लाइट ट्रॅकिंगच्या साइटवर आमच्याच फ्लाइट नंबरचे मागच्या आठवड्याचे मार्ग उघडून बघितले. दरवेळी तेच, पूर्वेला येऊन सिमरा या दक्षिण नेपाळमधल्या गावाच्या बाजूने नेपाळमध्ये शिरायचं, डावीकडे वळायचं आणि दक्षिणेकडून ०२ वर. दोन दिवशी मात्र सिमराच्या आसपास रेषेचे गोल गोल वेटोळे होते. काठमांडूत गर्दी असते, धावपट्टी एकच, त्यामुळे विमानांना हवेतच थांबवून ठेवतात, त्याला होल्डिंग म्हणतात. तेव्हा मी ते बघून सोडून दिलं, उशीर होईल एवढंच डोक्यात आलं. त्याचा खिडकीशी काय संबंध ते नंतर कळलं.

आदल्या संध्याकाळी मेसेज आला, विमान बदललंय, तुमच्या सीट बदलल्यात. मला १७ए, आईला १७बी, बाबांना २१सी. म्हणजे आई मधल्या सीटवर आणि तीही पंखावर! इतके दिवस बघून, पैसे भरून ठरवलेलं एका मेसेजमध्ये गेलं. अर्धा तास फोनवर घातला, उत्तर एकच, काउंटरवर बघा. मग सकाळी ठरल्यापेक्षा एक तास आधी विमानतळावर गेलो आणि काउंटरवरच्या मुलीला सरळ सांगितलं की आईला हिमालय बघायचाय, दुसरं काही नको, पंखाच्या पुढे डावीकडची कुठलीही एक खिडकी द्या. तिने पाच मिनिटं स्क्रीनवर शोधलं आणि ८ए, ८बी दिल्या. तिसरी डावीकडे शिल्लकच नव्हती, बाबांना ९एफ मिळाली. बाबा म्हणाले, "मला कुठेही चालतं, तुम्ही दोघी बसा." त्यामुळे न ठरवता एक गोष्ट झाली की एकाच विमानात, जवळपास एकाच रांगेत, आमची एक खिडकी डावीकडे होती आणि एक उजवीकडे, आणि उतरल्यावर दोन्हीकडचं ताडून बघता आलं.

८ए ला खिडकी होती, पण खांद्याच्या मागे. याचंही कारण आहे. विमानाच्या सांगाड्यात खिडक्यांमधलं अंतर कायमचं ठरलेलं, ए३२० मध्ये साधारण २१ इंच. सीटमधलं अंतर मात्र कंपनी ठरवते, २८ ते ३० इंच वगैरे. दोन्हीचा मेळ बसतच नाही, त्यामुळे एका रांगेला खिडकी बरोब्बर कोपराशी येते, पुढच्या रांगेला दोन खिडक्यांमधली भिंत. आईने सीट मागे केली आणि खिडकी समोर आली, म्हटलं चला सुटला प्रश्न. तो सुटला नव्हता, पण ते पुढे.

विमान वर गेलं. दिल्लीच्या भोवतीची तपकिरी धूळ खाली राहिली आणि वीसेक मिनिटांनी त्या तपकिरी पट्ट्याच्या वरच्या कडेला, आकाश सुरू होतं तिथे, एक बारीक पांढरी रेघ दिसायला लागली. मला वाटलं ढग. आई म्हणाली, "ढग हलतात, हे हलत नाहीये." खाली डोंगरांचा पायथा वगैरे काहीही दिसत नव्हतं, सगळं धुरकट, आणि त्यावर नुसती पांढरी शिखरं तरंगत होती. तिने पर्समधून एक कागदाची पट्टी काढली. घरीच केली होती तिने, मला माहीतच नव्हतं. आडवी लांब पट्टी, त्यावर पेन्सिलने शिखरांची बाह्यरेषा, पश्चिमेकडून पूर्वेकडे, प्रत्येकाखाली नाव आणि उंची. डाव्या खिडकीतून उत्तरेकडे बघताना पश्चिम आपल्या डाव्या हाताला येते, म्हणजे पट्टी नकाशासारखी सरळ धरता येते, आणि नवीन शिखर येतं ते खिडकीच्या उजव्या कडेने. तिने ती पट्टी खिडकीच्या खालच्या कडेला धरून ठेवली आणि एकेक शिखर आत आलं की बोटाने पट्टीवरचं नाव शोधायची.

ओळखायची तिची पद्धत सांगते कारण ती खरंच कामाला येते. धौलगिरी एकटा उभा असतो, मोठा, खांद्याला कुणी लागून नाही. त्याच्यानंतर रांग एकदम खाली जाते, ती काली गंडकीची खिंड. खिंडीनंतर एकदम गर्दी, ती अन्नपूर्णाची. त्या गर्दीत जो टोकदार त्रिकोण बाकीच्यांच्या पुढे आल्यासारखा दिसतो तो माच्छापुच्छ्रे, उंचीने ६,९९३ मीटरच पण दक्षिणेकडे पुढे आलेला म्हणून मोठा वाटतो. नावाचा अर्थ माशाची शेपटी, पण शेपटीसारखी दोन टोकं पश्चिमेच्या बाजूने गेलं तर दिसतात, दक्षिणेकडून एकच टोक दिसतं. मग परत थोडी मोकळी जागा आणि मनास्लू, हिमालचुली आणि त्यांच्या मधलं शिखर असे तिघं जवळ जवळ.

एक खरं सांगायला हवं. फोटोंमध्ये दिसतो तसा हिमालय खिडकी भरून येत नाही. धौलगिरी बाजूला आला तेव्हा तो आमच्यापासून दीडशेहून जास्त किलोमीटर लांब होता, हात लांब करून अंगठा धरला तर अंगठ्याच्या रुंदीएवढा उंच दिसत होता. आणि तो नजरेच्या किंचित खाली होता, कारण आपण दहा-साडेदहा किलोमीटरवर आणि तो आठ. हे कुणाला आधी सांगितलं नसेल तर निराशा होऊ शकते. आईला झाली नाही. ती खिंड दिसली तेव्हा तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "बघ, खरंच कापल्यासारखी आहे." नंतर बराच वेळ काहीच बोलली नाही.

उड्डाणानंतर साधारण ५० मिनिटं झाली असतील, धौलगिरी बाजूला असतानाच इंजिनाचा आवाज मंदावला, म्हणजे खाली यायला सुरुवात झाली. आणि आता जे झालं ते मी आधी कुठेच वाचलेलं नव्हतं. आपण जसजसे खाली येतो तसतशी शिखरं वर जातात. वर असताना नजरेच्या खाली असलेली रांग हळूहळू नजरेसमोर आली आणि मग नजरेच्या वर. शिखरं जागच्या जागी आहेत, आपण त्यांच्या उंचीच्या खाली उतरतोय म्हणून असं होतं, पण बघताना असं वाटतं की डोंगर उभे राहतायत. म्हणून मला वाटतं या रूटवरचा सर्वात चांगला वेळ उतरायला सुरुवात झाल्यापासून दरीत शिरेपर्यंतचा, साधारण वीस मिनिटांचा.

आमचा तर जास्तच झाला, कारण होल्डिंग. सिमराच्या आसपास विमान फिरायला लागलं, चार-पाच मिनिटांची एक फेरी, अशा तीन. होल्डिंगमध्ये वळणं सहसा उजवीकडे असतात आणि उजवीकडे वळताना उजवा पंख खाली जातो, म्हणजे आमच्या खिडकीत नुसतं निळं आकाश आणि बाबांच्या खिडकीत हिरवे डोंगर आणि शेतं. मग विमान उलट तोंड करून सरळ झालं की सगळा हिमालय बाबांच्या बाजूला. परत वळलं की परत आमच्याकडे. पलीकडून बाबांचा आवाज आला, "अगं इकडे दिसतायत आता!" आणि डावीकडची सगळी माणसं माना वळवून उजवीकडे बघायला लागली. म्हणजे होल्डिंग लागलं तर चुकीच्या बाजूला बसलेल्यालाही संधी मिळते. ट्रॅकिंगवर मी जे वेटोळे बघून नुसता उशीर म्हणून सोडून दिले होते ते हेच.

मग घोषणा झाली, सीट सरळ करा, खिडकीचे पडदे उघडे ठेवा. आणि आईची सीट सरळ झाली आणि खिडकी परत खांद्याच्या मागे गेली. उतरतानाच्या दृश्यासाठी एवढा खटाटोप आणि उतरतानाच तिला मान मागे वळवून बघावं लागत होतं, आणि मानेचंही दुखणं आहेच. ही माझी चूक. खिडकी खांद्याच्या पुढे आहे की मागे हे सीट सरळ ठेवूनच बघायला पाहिजे, कारण उतरताना सीट सरळच असते. मी पट्टा थोडा सैल करून मागे सरकले आणि तिला माझ्याकडे तिरकं बसवलं, त्याने थोडं जमलं. पुढच्या वेळी आधी त्याच रांगेतून कुणी काढलेला फोटो मिळतो का ते शोधणार, पुष्कळ विमानांचे मिळतात.

शेवटचं डावं वळण. डावा पंख खाली गेला आणि आमच्या खिडकीत काठमांडूच्या दक्षिणेकडच्या, महाभारत नावाच्या रांगेचे डोंगर आले, उतारावर पायऱ्या पायऱ्यांची शेतं, एवढ्या जवळ की घरांची छपरं मोजता येत होती. काठमांडूला उतरण्याचा उतार नेहमीच्या तीन अंशांपेक्षा बराच तीव्र आहे, कारण दक्षिणेकडचे हे डोंगर ओलांडून लगेच खाली दरीत जायचं असतं. विमान सरळ झालं, तोंड उत्तरेला, आणि वहीत काढलं होतं तसंच झालं. आमच्याकडे मनास्लू खिडकीच्या पुढच्या कडेला आणि मागे अन्नपूर्णा. आणि उजवीकडे बाबांना लांब पूर्वेला पांढरी दातेरी रांग. त्यात एव्हरेस्ट कुठलं हे त्यांना सांगता आलं नाही, आणि ते साहजिक आहे, ते मागच्या रांगेत आहे, जवळची शिखरं पुढे उभी, त्यामुळे ८,८४८.८६ मीटरचं असूनही तिथून उठून दिसत नाही. त्यात त्यांचा पोलराइज्ड गॉगल. विमानाच्या खिडकीचं प्लास्टिक त्या काचेतून बघितलं की इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतात, ते बिचारे बराच वेळ खिडकीच पुसत होते. गॉगल काढला तर सूर्य तोंडावर. तरी पंधरा-वीस सेकंद नीट दिसलं म्हणाले.

आणि मग संपलं. माझा मोठा गैरसमज इथे होता. मला वाटत होतं चाकं टेकेपर्यंत डोंगर दिसत राहतील. दरीच्या कडेच्या खाली आलं की जवळचे डोंगर लांबच्या शिखरांना झाकतात, त्यात दरीतली हवा धुरकट. शेवटची चार-पाच मिनिटं हिमालय नाहीच, शहर असतं. डावीकडे पाटण आणि त्यामागे काठमांडू, विटांच्या रंगाची घरं एकाला एक चिकटलेली, लांब टेकडीवर स्वयंभूनाथ. उजवीकडे भक्तपूर आणि मोकळी शेतं. ज्याला शहरच बघायचंय त्याला डावी बाजू परत चांगली. बौद्धनाथचा मोठा स्तूप धावपट्टीच्या उत्तरेला आहे, त्यामुळे तो उतरताना कुणालाच धड दिसत नाही, मी तो शोधत बसले होते.

फोटोंचं थोडक्यात. फोन काचेला जवळजवळ टेकवायचा आणि मागून काळी ओढणी धरायची म्हणजे आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब येत नाही. आमच्या खिडकीच्या मधल्या काचेला जे बारीक भोक असतं त्याच्याभोवती बर्फाची नक्षी जमली होती, फोन सारखा तिच्यावरच फोकस करत होता, वरच्या कोपऱ्यातून घेतले तेव्हा जमलं. चाळीसेक काढले, पाच ठेवण्यासारखे.

सहा दिवसांनी परतीचं विमान, दुपारचं. एफ बाजू, आठवी रांग नको म्हणून सातवी. बसल्या बसल्या मी पहिलं काम केलं ते सीट सरळ ठेवून खिडकी कुठे येते ते बघितलं, कोपराच्या जरा पुढे, उत्तम. उड्डाण २० वरून दक्षिणेकडे झालं, मग विमान उजवीकडे वळलं आणि दिल्लीकडे तोंड झाल्यावर हिमालय उजव्या हाताला आला. दुपार होती, गणेश हिमाल आणि मनास्लूवर ढग चढले होते. आईने आग्रहाने खिडकी बाबांना दिली, जाताना त्यांना नीट दिसलं नव्हतं म्हणून, आणि कागदाची पट्टीही दिली. बाबांनी ती सरळ धरली. आता शिखरं खिडकीच्या डाव्या कडेने आत येत होती आणि ते उजवीकडच्या नावापासून सुरुवात करायचं विसरत होते, म्हणून आई माझ्या अंगावरून वाकून त्यांना बोट धरून दाखवत होती. ढगातून माच्छापुच्छ्रेचं टोक तेवढं बाहेर होतं. मग मोकळी हवा लागली आणि खिंड दिसली, यावेळी अन्नपूर्णा आधी आणि धौलगिरी नंतर.

आई म्हणाली, "आता उलटी वाच."